उंचावरच्या मुक्कामांची आखणी कशी करावी? मदत हवी आहे
वयस्कर आईला घेऊन आम्ही आठ दिवसांच्या पर्वतीय सहलीस निघणार आहोत. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असे सांगितले जाते. आमची गाडी मात्र एकाच दिवसात २,००० मीटरवरून ३,५०० मीटरवर पोहोचणार आहे, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. वाटेत २,७०० मीटरच्या आसपास दोन रात्री थांबणे पुरेसे ठरेल, की सहलीत ठरवलेला सरोवर पाहण्याचा बेत सोडून तिथेच आणखी एक रात्र काढावी? डॉक्टरांचा सल्ला घेणारच आहोत. उगवत्या उन्हातली हिमशिखरे पाहण्याची इच्छा आईने अनेक वर्षे मनात जपली आहे, म्हणून ज्येष्ठांसह असा प्रवास केलेल्यांनी मुक्कामांचा क्रम कसा ठेवला, ते कृपया सविस्तर सांगावे.