येनाच्या पानांवर फोडच फोड, कोसा चढवू का नाही?

कोसाकार_आरमोरी:
नमस्कार मंडळी. आमी ढिवर, बापाच्या आधीपासून जंगलात झाडावर अळ्या पाळून कोसा, म्हंजे टसर रेशमाचे कोष, करतो. यंदा पोळा झाला अन् येनाची (ऐनाची) झाडं पाहाले गेलो, त पानापानावर वाटाण्याएवढे फोड. काही पानं पार वाकडी झाली. पहिल्या पिकातल्या अळ्या असा भाग तसाच सोडून शेंड्याकडं चालत जात होत्या. दुसऱ्या पिकाचे अंडीपुंज आता येतीलच. औषधाच्या दुकानात पान दाखवलं त त्यानं कपाशीवरच्या तुडतुड्याची बाटली हाती दिली. बायको म्हनते बाटली वापस कर. मोठा भाऊ म्हनते झाडालेच रोग हाय, तोडून टाक. कोनाचं ऐकू?

बांधावरचा (वरोरा):
आमच्या करंजीवर दरवर्षी असेच फोड असतात. काही होत नाही. सोडून द्या.

जुना_चॉकीवाला (भंडारा):
वहिनींचं ऐका. बाटली आजच परत करा. कपाशीची तसली बरीच औषधं आंतरप्रवाही असतात, रस पिणारी कीड मरावी म्हणून ती पानाच्या रसात उतरतात. तुमची अळी तेच पान खाणार. मग फोड राहतील अन् कोसा जाईल.

हा रोग नाही. ट्रायोझा फ्लेचेरी नावाची कीड आहे, मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली. येन अन् अर्जुन दोन्हींवर येते. मादी कोवळ्या पानावर अंडी घालते. पिल्लू सोंड खुपसून रस ओढायला लागलं की तिथल्या पेशी भराभर वाढतात अन् त्याच्याभोवती फोड तयार होतो. घर झाडानं बांधायचं, राहायचं-जेवायचं हिनं, अन् भाडं भरायचं तुमच्या कोशानं!

एक हिरवा फोड ब्लेडनं आडवा कापून बघा. आत बारीक चपटं पिल्लू दिसलं तर ते पान तोडण्यात अर्थ आहे. फोड तडकून वाळला असेल तर किडीला पंख फुटले, ती गेली; ते पान तोडून फक्त हात दुखतील. बंद फोडांची पानं पोत्यात भरा अन् झाडांपासून लांब नेऊन जाळा. एकदा आलेला फोड बसत नाही, म्हणून पान दुरुस्त करायच्या नादी लागू नका.

मोठ्या भाऊंना सांगा, येन यानं मरत नाही. पानाचा कस जातो एवढंच, पण कोसा करणाऱ्याला तेवढंही पुरे आहे. अशा पानावर वाढलेली अळी कोसा हलका करते. चॉकीसाठी, म्हणजे अंड्यातून नुकत्या निघालेल्या अळ्यांसाठी, स्वच्छ झाडं राखून ठेवा. मोठी अळी सरकून दुसरी फांदी गाठते, चॉकीतल्या लहान अळीला ते जमत नाही.

वरोऱ्याचे दादा, तुमच्या करंजीचं प्रकरण वेगळं. तिथं कीटक नाही, कोळी वर्गातला जीव फोड करतो, तो भिंगाशिवाय दिसत नाही. अन् करंजीवर कोणी कोसा करत नाही, म्हणून ‘काही होत नाही’ म्हणता येतं.

ब्रह्मपुरीकर_जर्मनीत:
इथं बीच नावाच्या झाडाच्या पानावर गुळगुळीत, टोकदार फोड उभे राहतात, कधी हिरवे, कधी लालसर. मिकिओला फागी नावाची चिलटासारखी बारीक माशी ते करते. पानगळीच्या सुमारास फोड पानावरून सुटून खाली पडतो. अळी आतच थंडी काढते आणि वसंतात माशी होऊन निघते. मग काका, येनाखालचा पालाही जाळायला हवा का?

जुना_चॉकीवाला:
नको. ती माशी फोडातच हिवाळा काढते म्हणून तिथं खालचा फोड महत्त्वाचा. ट्रायोझा फोड तडकला की निघून जाते. जंगलात पाला जाळायच्या भानगडीत पडूच नका, वणवा लागला तर येनही जाईल अन् मोहही. बाकी बीचवर तुमच्याकडं कोणी कोसा करत नाही, फोटो काढत बसा खुशाल.

सुईण_आजीची_नात (साकोली):
बाळगुटीतलं मायफळ पण असाच फोड ना? फळ नसतं म्हणतात ते.

जुना_चॉकीवाला:
हो. पश्चिम आशियातल्या ओकच्या फांदीवर गांधीलमाशीच्या कुळातली बारीक माशी तो करते. त्यात हिराकस घालून पूर्वी काळी शाई करायचे. आपल्या येनाच्या फोडाला मात्र कोणी दुकानात ठेवत नाही.

कोसाकार_आरमोरी:
बाटली वापस केली, दुकानदार कुरकुरला. फोड कापले. जास्त बंदच हायत, आत पिल्लू दिसलं. पोरं पानं तोडून राहिली. नाल्याकाठच्या अर्जुनावर फोड नाही, चॉकी तिथं चढवतो. पन तिथं लाल मुंग्या लय हायत जी.

जुना_चॉकीवाला:
मग आधी पानं शिवून केलेली मुंग्यांची घरटी फांदीसकट उतरवा, तेही पहाटे, मुंग्या थंड असताना. शेजारच्या झाडांना टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून परत येतील. चॉकी त्यानंतर.