हनोई आणि आसपासचा ग्रामीण भाग : दोघांनी सॅक पाठीवर घेऊन फिरायचे, तर बेत कसा आखावा?

प्रश्न : पुणेकर भटकंती

नमस्कार. मी आणि माझे यजमान ऑक्टोबरच्या सुरुवातीला मुंबईहून व्हिएतनामच्या राजधानीला, हनोईला जाणार आहोत. हाताशी साधारण दीड आठवडा आहे. सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरल्यामुळे चालण्याची आणि साध्या मुक्कामाची आम्हां दोघांना सवय आहे, त्यामुळे यात्रा कंपनीची सहल नको आहे. थोडे शहर आणि बरेचसे खेडे पाहावे, अशी इच्छा आहे. यादीत हनोई, समुद्रकाठचे हा लाँग, उत्तरेच्या डोंगरातले सापा व हा जियांग आणि निन्ह बिन्ह ही सगळीच नावे आली आहेत. त्यांतली कोणती ठेवावीत? दुसरे असे, की हा जियांगचा घाटरस्ता स्वतः मोटरसायकल चालवत करावा असे यजमानांच्या मनात आहे. आरटीओकडून मिळालेला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो का? शिवाय मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. खेड्यात माझ्या जेवणाची सोय कशी होईल?

प्रतिसाद : सॅकवाला

ताई, एवढ्या दिवसांत ही पाचही ठिकाणे करायची म्हटली, तर निम्मा वेळ बसमध्ये जाईल. हनोई, निन्ह बिन्ह आणि डोंगरातले एकच ठिकाण, एवढेच ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. हा लाँगमध्ये पाण्यातून वर आलेले जे चुनखडीचे सुळके दिसतात, तशाच जातीचे सुळके निन्ह बिन्हला भातखाचरांमधून उभे आहेत आणि तिथे सायकलवरून त्यांच्या पायथ्याशी हिंडता येते, म्हणून हा लाँग गाळल्याची हळहळ वाटणार नाही.

हनोईला मात्र नुसते उतरण्याचे ठिकाण समजू नका. जुन्या भागातल्या गल्ल्यांना त्या त्या व्यवसायांची नावे आहेत आणि चांदीच्या गल्लीत, म्हणजे हांग बाकला, आजही सोन्याचांदीची दुकाने आहेत. रस्ता ओलांडताना थांबू नये, धावू नये, एका संथ चालीने पुढे जात राहावे. दुचाकीवाले आपल्या चालीचा अंदाज घेऊन बाजूने निघून जातात. एका सकाळी लाँग बिएन पुलावर अवश्य चालत जा. फ्रेंच राजवटीत विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा लोखंडी पूल अमेरिकी बॉम्बहल्ल्यांत अनेकदा मोडला आणि दर वेळी पुन्हा उभा करण्यात आला. मधून रेल्वे जाते, दोन्ही कडांना दुचाक्या आणि पादचारी. पुलाच्या मध्यावर पोहोचलात, की खाली लाल नदीच्या बेटावर केळीच्या बागा आणि भाजीचे वाफे दिसतात. राजधानीच्या ऐन मध्यावर अशी शेती पाहून मला फार आनंद झाला होता.

निन्ह बिन्ह हनोईच्या दक्षिणेला सुमारे ९५ किलोमीटरवर आहे आणि रेल्वेने दोन-अडीच तास लागतात. त्याच्या शेजारचे होआ लू ही व्हिएतनामची ९६८ पासूनची राजधानी. १०१० मध्ये राजा ली थाय तो याने ती आजच्या हनोईच्या जागी हलवली. त्यामुळे ही दोन ठिकाणे एकापाठोपाठ पाहिली, की दोन्ही अधिक कळतात. तिथलाच त्रांग आनचा परिसर २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही निकषांवर. तिथली नाव सुळक्यांखालच्या गुहांमधून जाते आणि छत इतके खाली येते, की मान वाकवून बसावे लागते. जवळच्या ताम कोकला नावाडी मागे रेलून पायांनी वल्ही मारतात. हांग मुआच्या सुळक्यावर जाणाऱ्या सुमारे पाचशे पायऱ्या तुम्हा दोघांना जड जाणार नाहीत, फक्त त्या उन्हाआधी चढा.

डोंगरासाठी मी हनोईच्या नैर्ऋत्येचा पू लुओंग हा भाग सुचवेन. थाय जमातीच्या लोकांची खांबांवरची लाकडी घरे, ओढ्यावर फिरणारी बांबूची रहाटे आणि उतरत गेलेली भातखाचरे हे सारे पायी हिंडून पाहता येते. सप्टेंबरच्या अखेरीपासून तिथे भात कापणीला येतो, म्हणून आधी पू लुओंग आणि मग निन्ह बिन्ह असा क्रम ठेवल्यास पिवळी शेते सापडण्याची शक्यता जास्त.

प्रतिसाद : डोंबिवलीकर

परवान्याबद्दल स्पष्टच लिहितो : चालत नाही. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा असतो आणि व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचा परवाना मानतो. भाड्याने गाडी देणारा दुकानदार काही विचारणार नाही, पण रस्त्यात पोलीस विचारतात, आणि त्याहून गंभीर बाब म्हणजे अपघात झाल्यास वैध परवाना नसल्याच्या कारणावरून प्रवास विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. हा जियांगच्या फेरीचे वळणदार घाटरस्ते साधारण साडेतीनशे किलोमीटरचे आहेत. त्यातला मा पी लेंगचा घाट पाहायचाच असेल, तर स्थानिक चालकाच्या मागे बसून जावे. पुढे बसण्याची हौस भागणार नाही हे खरे, पण त्याखालची नो क्वे नदीची खोल घळ डोळे भरून पाहता येते. यजमानांना ही गोष्ट तिकिटे काढण्यापूर्वीच पटवून द्या.

आणखी एक. १ जुलै २०२५ पासून तिथले ६३ प्रांत व शहरे एकत्र करून ३४ करण्यात आली आहेत आणि हा जियांग आता तुयेन क्वांग प्रांतात मोडतो. मुक्कामाचा पत्ता शोधताना जुने आणि नवे अशी दोन्ही नावे जवळ ठेवा.

प्रतिसाद : शाकाहारी प्रवासिनी

ताई, जेवणाची काळजी करू नका, मात्र आधी सांगून ठेवण्यात कसूर करू नका. 'आन चाय' म्हटले, की बौद्ध पद्धतीचे शाकाहारी जेवण हे सर्वांना कळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक लोक स्वतः असे जेवतात, आणि शहरात केवळ हेच जेवण देणाऱ्या खानावळी आहेत. खरी अडचण मासळीच्या सॉसची, कारण तो परतलेल्या भाजीतही सहज पडतो. 'खोंग नुओक माम', म्हणजे तो सॉस नको, हे वाक्य त्यांच्या लिपीत लिहून खिशात ठेवा आणि त्याच चिठ्ठीवर अंडी नकोत हेही लिहून घ्या. फो हा सूपचा प्रकार हाडांच्या रश्शात करतात, तेव्हा तो फक्त शाकाहारी खानावळीतच घ्यावा. खेड्यातल्या घरी आदल्या संध्याकाळी कळवले, की भात, तळलेले टोफू, लसूण घालून परतलेली पालेभाजी आणि तीळ-शेंगदाण्याचे मीठ घातलेले कूट पुढे येते. मी ते रोज आवडीने जेवले.

ऑक्टोबरमध्ये हनोईत 'कोम' मिळतो, तो चुकवू नका : कोवळा भात भाजून, कांडून केलेले हिरवे, मऊ पोहेच ते, कमळाच्या पानात बांधून विकतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. यजमानांनी परवान्याचा मजकूर स्वतः वाचला आणि हा जियांग या खेपेला सोडले. हनोई, पू लुओंग, निन्ह बिन्ह आणि परत हनोई असा बेत नक्की केला आहे. पू लुओंगहून थेट निन्ह बिन्हला वाहन मिळते का, की हनोईला परत यावे लागेल?

प्रतिसाद : सॅकवाला

परत यावे लागत नाही. या दोन ठिकाणांमध्ये प्रवाशांच्या मिनीव्हॅन धावतात. मुक्कामाच्या घरीच आदल्या दिवशी जागा राखून देतात.