विल्यम कॅरी, श्रीरामपूर छापखाना आणि मराठी: फलकावर नेमकं काय लिहावं?

वाचनालय_फलक

मराठी छपाईवरच्या छोट्या प्रदर्शनात विल्यम कॅरीसाठी एक फलक करायचा आहे, जेमतेम सव्वाशे शब्दांचा. नेहमीच्या मजकुरात "थोर मिशनरी, मराठी मुद्रणाचे जनक, सती बंद करणारे" एवढंच सापडतं. तीन गोष्टी नेमक्या हव्यात. कॅरीने मराठीत स्वतः काय केलं? मोडीचे खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) कसे पाडले? आणि त्याची ख्रिस्ती श्रद्धा त्याच्या रोजच्या कामात कुठे दिसते? भक्तिपर वाक्यं नकोत, दाखवता येईल असं काही हवं.

खिळेजुळारी

आधी गावाचं नाव. हे श्रीरामपूर हुगळीकाठचं, कोलकात्याच्या वरच्या अंगाला, इंग्रजीत ज्याला सेरामपोर म्हणत ते. नगरकडच्या श्रीरामपूरशी त्याचा संबंध नाही. मराठी वाचकाची पहिली गल्लत इथेच होते, म्हणून फलकावर "बंगाल" हा शब्द हवाच.

"मराठी मुद्रणाचे जनक" काढून टाका. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण गोव्यात १६१६ मध्ये छापलं गेलं, तेही मराठीच, फक्त रोमन लिपीत. कॅरीच्या छापखान्याचं श्रेय वेगळं आहे: तिथे मराठीसाठी नागरी आणि मोडी अशा दोन्ही लिप्यांचे धातूचे खिळे वापरात आले. १८०५ चं मराठी व्याकरण (सोबत रोजच्या बोलण्यातले संवादही आहेत) नागरीत आहे, कारण मोडीचे खिळे तेव्हा तयार नव्हते. १८१० चा मराठी-इंग्रजी कोश मोडीत आहे. वैजनाथ पंडितांची सिंहासनबत्तिशी (१८१४) आणि हितोपदेश (१८१५) हीदेखील मोडीत.

आता खिळा कसा पडतो ते. पोलादाच्या लहान कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं आणि कांबीला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं. हा ठसा. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तांब्यात सुलटं अक्षर खोल उमटतं, ते झालं साच्याचं घर. हे घर हातसाच्यात बसवून शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा रस ओतायचा. बाहेर येतो तो खिळा, पुन्हा उलट्या अक्षराचा. ठोकताना तांबं बाजूंना फुगतं. ते घासून सपाट केलं नाही तर खिळे एका उंचीचे येत नाहीत आणि छापताना काही अक्षरं फिकी पडतात.

मोडीत खरी अडचण जोडांची. लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि हात न उचलता अक्षरं खाली सोडत जातो. खिळे मात्र सुटे. प्रत्येक खिळ्यावरची रेघ शेजारच्या रेघेला तंतोतंत भिडली नाही तर ओळ तुटक दिसते. वर बाराखडीच्या चिन्हांनी अक्षराचा आकारच बदलतो, म्हणजे त्या रूपांचे ठसे वेगळे कोरावे लागतात.

हे कोरणारे हात बंगाली लोहारांचे होते. पंचानन कर्मकार, आणि त्यांच्यामागे त्यांचे जावई मनोहर. पंचाननांनी हे काम चार्ल्स विल्किन्स या इंग्रजाकडे शिकलं होतं. १७७८ मध्ये हुगळीला छापलेल्या हालहेडच्या बंगाली व्याकरणाच्या खिळ्यांमागे विल्किन्स आणि पंचानन हीच जोडी. पंचानन आणि मनोहर ही दोन नावं फलकावर यायलाच हवीत, जागा कमी पडली तर विशेषणं कापा.

हुगळीकाठ

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. श्रद्धा दाखवायची असेल तर हिशेबाची वही दाखवा.

कॅरी मूळचा नॉर्थॅम्प्टनशायरचा चांभार, बाप्टिस्ट पंथाचा. १७९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना बंगालमध्ये आला आणि काही वर्षं नीळ कारखान्याची व्यवस्था पाहून पोट भरलं. श्रीरामपूर डॅनिश अंमलाखाली होतं आणि तिथल्या गव्हर्नरने मिशनऱ्यांना आसरा दिला, म्हणून जानेवारी १८०० मध्ये तो तिथे गेला. तिथे त्याची आणि सहकारी मिशनऱ्यांची, म्हणजे मार्शमनची आणि छपाई जाणणाऱ्या वॉर्डची, कुटुंबं एकत्र राहिली. एक चूल, एक तिजोरी, खाजगी धंदा कुणीही करायचा नाही. १८०१ मध्ये कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात भाषा शिकवण्याचे कॅरीला ५०० रुपये महिना मिळू लागले. इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा सभासद नसल्यामुळे हुद्दा मात्र प्राध्यापकाचा न देता शिक्षकाचा दिला. प्राध्यापकपद १८०७ मध्ये आलं आणि पगार हजार झाला. स्वतःपुरती बेताची रक्कम ठेवून बाकी सगळं समाईक तिजोरीत जाई. मार्शमन पती-पत्नींच्या शाळांचं उत्पन्नही तिथेच. कागद, शिसं, पंडितांचे पगार यातून निघत. देवाच्या कामात "माझं" काही नाही, हे त्यांनी रुपये-आण्यांत पाळलं.

आगीचा प्रसंगही घ्या. ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी छापखान्यात आग लागली. वॉर्डने दारं-खिडक्या बंद करून, छत फोडून वरून पाणी ओतलं आणि काही तास आग दबलेली ठेवली. मग कुणीतरी खिडकी उघडली, वारा शिरला आणि सगळं भडकलं. चौदा भाषांचे खिळे, बाराशे रीम कागद, कॅरीच्या बहुभाषी कोशाची हस्तलिखितं गेली. छपाईची यंत्रं बाजूच्या खोलीत होती, ती वाचली. खिळ्यांचं शिसं वितळून गोळा झालं, पण पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले. ठसे आहेत म्हणजे पुन्हा ठोकता येतं, ओतता येतं. त्याच वितळलेल्या धातूतून लगेच नवे खिळे पाडायला सुरुवात झाली. हस्तलिखितांना असा ठसा नसतो. ती कॅरीने पुन्हा पहिल्या पानापासून लिहायला घेतली, आणि बहुभाषी कोश तर कायमचाच अपुरा राहिला. त्याची श्रद्धा मला याच ठिकाणी सगळ्यांत स्पष्ट दिसते.

मोडीवाचक

वरचं सगळं मान्य, पण बायबलच्या मराठी अनुवादाचं कौतुक बेताने करा. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये छापून झाला, पण तो मुंबई-कोकणात चालला नाही. कारण कामाच्या पद्धतीतच होतं. एकाच वेळी अनेक भाषा हाती घेतल्या होत्या. पंडित आपापल्या भाषेत कच्चा मसुदा करत, त्यासाठी संस्कृत-बंगालीचा आधार घेत, आणि कॅरी तो ग्रीकशी ताडून पाही. अर्थ तपासला जाई, कान तपासला जात नसे. मराठी बोलणारं गाव शेकडो कोस दूर, मग वाचून दाखवायचं कुणाला? १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना नव्याने अनुवाद करावा लागला आणि त्यांचा नवा करार १८२६ मध्ये निघाला. जास्तीत जास्त लोकांपर्यंत लवकर पोचायची तळमळ जशी श्रद्धेतून आली, तशी ही घाईही तिथूनच आली.

घरचीही किंमत झाकू नका. पत्नी डोरोथी भारतात यायला मुळात तयार नव्हती. १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर गेला, त्यानंतर तिचं मन सावरलंच नाही. १८०७ मध्ये ती वारली. व्याकरण आणि कोश त्याच घरात लिहिले गेले.

वाचनालय_फलक

उपयोगी पडलं, आभार. "जनक" गेलं, कर्मकार आले. सतीच्या ओळीचं काय करू? "सती बंद करणारे" ठेवू का?

हुगळीकाठ

नको. कायदा गव्हर्नर जनरल बेंटिंकचा, आणि लोकमत घडवण्यात राममोहन रॉय यांचा वाटा फार मोठा. कॅरीचं काम मोजणीचं आणि पुराव्याचं. १७९९ मध्ये त्याने नदीकाठी एक सती जाताना पाहिली, अडवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग माणसं लावून कोलकात्याभोवतीच्या ३० मैलांत मोजणी केली. १८०३ या एका वर्षाचा आकडा निघाला ४३८. आकडा लिहाल तेव्हा वर्ष आणि अंतर सोबत लिहा, नाहीतर तो सगळ्या बंगालचा वाटतो. शास्त्रात सतीची सक्ती नाही, हे मत १८१७ मध्ये मृत्युंजय विद्यालंकारांनी दिलं, ते त्याआधी फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरीच्याच विभागातले मुख्य पंडित होते.

कायदा ४ डिसेंबर १८२९ चा. बंगाली तर्जुम्यासाठी कागद कॅरीकडे आला तो रविवारी, ६ तारखेला. त्याने त्या दिवसाचं प्रवचन दुसऱ्याकडे सोपवलं आणि पंडिताला घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत तर्जुमा पुरा झाला. फलकावर ४ तारीख कायद्याची आणि ६ तारीख अनुवादाची अशी वेगळी लिहा. आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, बंदी १८३० मध्ये आली.