‘अल-हराम’ : फक्त अझीझाची कथा नाही

‘अल-हराम’ (१९६५) हा इजिप्शियन सिनेमा म्हणजे सोशिक बाईची रडकथा, असं कुणीतरी म्हटलंय. मला हे अजिबात पटत नाही. दिग्दर्शक हेन्री बरकातने सुरुवात नायिका अझीझापासून केलेलीच नाही. आधी सापडतं नवजात बाळाचं प्रेत, आणि जमीनदाराच्या सगळ्या मळ्यावर संशयाचं वारं सुटतं. बोट लगेच वळतं ते बाहेरगावाहून कामाला आणलेल्या हंगामी मजुरांकडे. गावकरी त्यांना माणसात धरतच नाहीत. अझीझा कोण, तिचं काय झालं, हे नंतर कळतं.

आजारी नवऱ्याला रताळं खावंसं वाटतं, म्हणून ती दुसऱ्याच्या शेतात उकरायला जाते आणि तिथे तिच्यावर बलात्कार होतो. एवढ्याशा रताळ्यामागे केवढं दारिद्र्य आहे! मूळ कादंबरी लिहिणारा युसूफ इद्रीस पेशाने डॉक्टर होता. बाळंतपणानंतर अझीझाला येणारा ताप इतका खरा का वाटतो, ते त्यावरून समजतं.

अझीझा झालेल्या फातेन हमामाचं कौतुक झालंच आहे, पण झकी रोस्तमचा फिकरी एफेंदीही बघा. गुन्हेगार शोधायला निघालेला हा करडा कारभारी हळूहळू कसा विरघळतो, ते त्याच्या नुसत्या चेहऱ्यावर दिसतं. माझ्या मते सिनेमाचा खरा कणा तोच आहे.