बायपासनंतर बाबांना घरी आणलंय. काय काय सांभाळायचं?

कृष्णाकाठ:
बाबा, वय 68, शुगरच्या गोळ्या चालू. बायपास झाली, आठव्या दिवशी घरी आणलं. कागदावर औषधं आहेत, बाकी फक्त 'आराम'. आत्या म्हणते महिनाभर खाटेवरून उठवू नका. टाके उसवतील म्हणून बाबा खोकायलाही घाबरतात. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं यंत्र दिलंय, ते जीव खाऊन फुंकतात, चेंडू ढिम्म. चार दिवस पोटही साफ नाही. घरी ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा.

फिजिओवाली:
चेंडू ढिम्मच राहणार, ते यंत्र फुंकायचं नाही, ओढायचं! हे मी रोज बघते. खुर्चीत ताठ बसवा. आधी श्वास पूर्ण सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि स्ट्रॉने सरबत ओढतो तसा सावकाश श्वास आत घ्यायचा. एक चेंडू वर गेला की दोन-तीन सेकंद तिथेच धरायचा. झटक्यात तिन्ही उडवण्यात काही मर्दुमकी नाही. जागेपणी दर तासाला दहा वेळा. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, मग फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साठतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते.

खोकायचंच आहे, फक्त छातीशी उशी घट्ट कवटाळून. छातीचं हाड तारेने बांधलेलं असतं. ते जुळायला सहा ते बारा आठवडे लागतात, तोवर हातांवर जोर देऊन उठणं आणि चार-पाच किलोंवर उचलणं बंद. नातवालाही नाही. उठताना कुशीवर वळवा, पाय खाली सोडा, पाठीला आधार द्या. काखेत हात घालून ओढू नका.

आत्यांना सांगा, खाट ही शिक्षा आहे. घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चालवा. चालताना बोलता आलं पाहिजे.

नानाकाका_बारामती:
मी स्वतः यातून गेलोय. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोट धरतं. कुंथू देऊ नका, सर्जनला विचारून पातळ औषध घ्या. संडास खाली बसायचा असेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. बायपाससाठी ज्या पायाची शीर काढली तो सुजतो, बसताना स्टुलावर ठेवा. नुसता मऊ भात नको, अंडं, मुगाचं धिरडं, घट्ट वरण द्या. जखम भरायची तर शुगर ताब्यात हवी.

आणि एक कुणी सांगत नाही. तिसऱ्या आठवड्यात मी कबड्डी बघता बघता रडलो. बरेच जण असे हळवे होतात. लांबलं तर डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही. पाहुणे मात्र आवरा. माझ्याकडे पहिल्या रविवारी एकवीस माणसं!

वैद्यप्रेमी:
हाडजोडीचा काढा द्या, हाड पटकन जुळतं.

फिजिओवाली:
सर्जनला विचारल्याशिवाय अजिबात नको. बाबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या असणार. ताप, जखमेतून पू, छातीत हाड 'कट्कट्' वाजणं, पोटरी दुखणं, एका दिवसात किलो-दीड किलो वजन वाढणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर वाट न बघता दवाखाना गाठा.

कृष्णाकाठ:
आज पहिला चेंडू वर गेला. बाबांचा प्रश्न, "मग बाकीचे दोन कशाला दिलेत?" कमोडची खुर्ची संध्याकाळी येतेय. आत्या अजून रुसलेली आहे, पण तिची उशी बाबांनी ढापलीय.