अट्राझिन जिरवणारे जीवाणू

"माणसानं बनवलेलं रसायन पचवायला जीवाणूंना लाखो वर्षं लागतील", असं म्हटलं जातं, पण ते मला पटत नाही. मक्यात तण मारायला आपण मारतो ते अट्राझिन १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. ते नायट्रोजनसाठी वापरणाऱ्या स्युडोमोनास एडीपी या जीवाणूचं वर्णन मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे चाळीस वर्षंसुद्धा नाहीत! त्याचं पहिलं एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन), एटीझेड-ए, अट्राझिनमधला क्लोरीन काढून टाकतं. मेलामाइन या दुसऱ्या रसायनावर काम करणारं एक एन्झाइम आहे, ते एटीझेड-एशी जवळजवळ सारखंच आहे. सुमारे ४७५ अमिनो आम्लांपैकी, म्हणजे प्रथिनाच्या कड्यांपैकी, फक्त ९ ठिकाणी ही दोघं वेगळी आहेत. म्हणजे थोड्याशा बदलांनी वेगळं काम जमतं. शिवाय अट्राझिन पचवणारी जनुकं प्लाझमिडवर, म्हणजे जीवाणूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर असतात, त्यामुळे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. मला तर हे फार विलक्षण वाटतं.

पण म्हणून बिनधास्त फवारा, असं मी मुळीच म्हणणार नाही. जनुक असून भागत नाही, ओल लागते. आमच्या सिल्लोडकडे मक्यानंतर हरभरा घेतात. पाऊस लवकर उघडला त्या वर्षी आमच्या रानात, फवारा दुबार पडलेल्या पट्ट्यात हरभऱ्याची पानं कडेनं पिवळी पडून करपली. बाकी रान हिरवं होतं. कोरड्या मातीत जीवाणू थंडावतात, म्हणून अट्राझिन मातीत उरतं, आणि आपल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत अट्राझिनचं रासायनिक विघटनही मंद होतं. पाऊसमान कमी असेल तर मात्रा अजिबात वाढवू नका, आणि मक्यानंतर द्विदल घ्यायचं असेल तर आधी कुंडीत त्याच मातीत चार दाणे उगवून बघा.