अपूर्णांकांसाठी जोडीने करायचा उपक्रम सुचवावा

नमस्कार. मी मुंबईतील एका शाळेत चौथीला गणित शिकवते. अपूर्णांकांसाठी मुलांच्या जोड्या करून, एकाने कागदी पट्टीला समान घड्या घालून काही भाग रंगवायचे आणि दुसऱ्याने अंश व छेद सांगायचा, असा उपक्रम घेते. १/२ आणि २/४ सममूल्य असल्याचे पट्ट्या एकमेकींवर ठेवताच पटते. परंतु १/३ आणि १/४ यांत मोठा कोणता, असे विचारले की चार मोठे म्हणून बरीच मुले १/४ म्हणतात. (तिनाची घडी नीट जमत नाही, ते वेगळेच.) खरी अडचण अशी की, हुशार जोडीदार उत्तर सांगून मोकळा होतो आणि दुसरा नुसती मान डोलावतो. दोघांनाही बोलावेच लागेल असा, बाकावर बसूनच होणारा उपक्रम कोणी घेतला असल्यास कृपया सविस्तर कळवावे.